कर्नल कोडमधील संदर्भगणना सुरक्षित कशी ठेवावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कर्नलमधील बरीच ऑब्जेक्ट्स एकाच वेळी अनेकांच्या वापरात असतात. उघडलेली एक फाइल दोन प्रोसेसकडे असू शकते, एका नेटवर्क उपकरणाचे पॉइंटर अनेक रचनांमध्ये साठवलेले असतात, आणि यूएसबी उपकरण काढून घेतल्यावरही त्याच्या ड्रायव्हरचे एखादे काम वर्कक्यूमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, वाट पाहत असू शकते. अशा ऑब्जेक्टची मेमरी कोणी आणि केव्हा मोकळी करायची, हे ठरवण्यासाठी कर्नल संदर्भगणना, म्हणजेच रेफरन्स काउंटिंग वापरतो. ऑब्जेक्टमध्ये एक गणक ठेवलेला असतो. ज्याला ऑब्जेक्ट हवे तो गणक एकाने वाढवतो, काम संपले की एकाने कमी करतो, आणि ज्याच्या हातून गणक शून्यावर येतो त्याने ऑब्जेक्ट नष्ट करायचे असते.

नियम एवढा छोटा असूनही या जागी गंभीर चुका होत आल्या आहेत. लिनक्स कर्नलमध्ये हे काम आज कोणत्या साधनांनी करायचे, ती साधने कोठवर साथ देतात आणि कोठे देत नाहीत, हे पुढे क्रमाने दिले आहे. सी भाषा, पॉइंटर आणि लॉक यांची ओळख गृहीत धरली आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये ती रोमन लिपीत सहज सापडतील.

पायरी १: गणक कोणत्या दोन बाजूंनी चुकतो ते समजून घ्या

पहिल्या प्रकारच्या चुकीत संदर्भ घेतला जातो, पण सोडायचा राहतो. बहुतेक वेळा ही चूक एखाद्या त्रुटीच्या वाटेवर, म्हणजे क्वचितच चालणाऱ्या कोडमध्ये दडलेली असते. गणक गरजेपेक्षा मोठा राहतो, ऑब्जेक्ट कधीच नष्ट होत नाही आणि थोडी मेमरी अडकून पडते. वरवर पाहता यात भीतिदायक काही नाही. परंतु ती वाट वापरकर्त्याला हवी तितक्या वेळा चालवता येत असेल, तर गणक वाढत वाढत ३२ बिटांची मर्यादा ओलांडतो, पुन्हा शून्यावर येतो, आणि ऑब्जेक्ट वापरात असतानाच त्याची मेमरी मोकळी होते.

जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०१६-०७२८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींना दिला जाणारा नोंदणी क्रमांक) ही त्रुटी नेमकी अशी होती. प्रोसेसने आपले सेशन कीरिंग, म्हणजे कर्नलने तिच्यासाठी जपलेला किल्ल्यांचा संच, बदलण्याची विनंती केली आणि नवे कीरिंग जुनेच निघाले, तर नावावरून शोधताना घेतलेला संदर्भ त्या वाटेवर सोडला जात नव्हता. गणक साध्या ॲटॉमिक_टी प्रकाराचा होता. तीच विनंती २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत पुन्हा पुन्हा करत नेली, की गणक शून्यावर येत असे आणि कचरा गोळा करणारा कोड ते कीरिंग नष्ट करत असे, प्रोसेसकडे मात्र त्याचा पॉइंटर तसाच राहत असे. आवृत्ती ३.८ पासूनचे कर्नल या त्रुटीच्या कक्षेत होते, आणि ती शोधणाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार एवढ्या फेऱ्यांना एका लॅपटॉप प्रोसेसरवर सुमारे अर्धा तास लागत असे. गळती निरुपद्रवी असते या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

दुसऱ्या प्रकारची चूक उलट दिशेची आहे. संदर्भ न घेताच पॉइंटर साठवून ठेवला, किंवा एकच संदर्भ दोनदा सोडला, तर गणक खऱ्या वापरापेक्षा लहान होतो आणि कोणी तरी वापरत असतानाच शून्यावर पोचतो. येथे अब्जावधी फेऱ्यांची गरज नसते. एकच फेरी पुरते. या दोन चुकांमधला फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण पुढे येणारे साधन पहिल्या चुकीला जवळपास पूर्णपणे निष्प्रभ करते, तर दुसरीसाठी त्याच्याकडे मर्यादित उपाय आहे.

पायरी २: ॲटॉमिक_टी सोडा, रेफकाउंट_टी घ्या

२०१७ मधील ४.११ या आवृत्तीत कर्नलला रेफकाउंट_टी हा खास प्रकार मिळाला. कल्पनेचे मूळ पॅक्स या सुरक्षा-पॅचमालिकेत होते. मुख्य कर्नलमधील रचना पीटर झिल्स्ट्रा यांनी लिहिली, आणि जुने गणक नव्या प्रकारात आणण्याचे चिकाटीचे काम एलेना रेशेतोवा, हान्स लिलयेस्ट्रांड, केस कुक आणि डेव्हिड विंडसर यांनी केले. त्यानंतर काही काळ पूर्ण तपासणी हवी असल्यास वेगळा कॉन्फिग पर्याय निवडावा लागे आणि एक्स८६ साठी निराळी जलद आवृत्ती होती. विल डीकन यांनी केलेल्या फेरमांडणीनंतर, म्हणजे ५.५ पासून, सर्व आर्किटेक्चरवर एकच आवृत्ती चालते आणि ती नेहमी चालू असते.

ॲटॉमिक_टी हा नुसता पूर्णांक आहे. त्याला शून्याखाली नेले काय किंवा मर्यादेपलीकडे नेले काय, तो तक्रार करत नाही. रेफकाउंट_टी मात्र आपण संदर्भगणक आहोत हे जाणतो. धन संख्यांची मर्यादा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, ओलांडली गेल्याचे दिसताच तो संपृक्त होतो: त्याची किंमत ऋण पट्ट्याच्या मधोमध ठेवली जाते आणि त्यानंतर कितीही वाढवले वा कमी केले तरी पुन्हा तेथेच आणली जाते. ऑब्जेक्ट कायमचे जिवंत राहते, मेमरी गळते, लॉगमध्ये इशारा उमटतो, परंतु हल्लेखोराच्या हाती मोकळी झालेली मेमरी लागत नाही. मधोमधचीच जागा निवडण्यामागे कारण आहे. वाढ-घट आधी होते आणि तपासणी नंतर, त्यामुळे त्या दोहोंच्या मध्ये इतर थ्रेडही गणकाला ढकलू शकतात. मधोमधच्या किमतीपासून शून्य आणि ऋण टोक ही दोन्ही २ च्या ३० व्या घाताइतकी, म्हणजे शंभर कोटींहून अधिक अंतरावर आहेत, आणि कर्नलमध्ये एका वेळी असू शकणाऱ्या टास्कची कमाल मर्यादा २ चा २२ वा घात, म्हणजे ४२ लाखांच्या आत आहे. प्रत्येक टास्कने एकेक धक्का दिला तरी गणक त्या पट्ट्याबाहेर पडत नाही.

थोडक्यात, येथे एका मोठ्या दोषाच्या बदल्यात लहान दोष पत्करला आहे. काहींना गळती पत्करणे खटकते. माझ्या मते सर्व्हरचा ताबा परक्याकडे जाण्यापेक्षा काही किलोबाइट कायमचे अडकणे केव्हाही परवडते.

पायरी ३: पहिला संदर्भ कोणाचा ते ठरवा

कोड लिहायच्या आधी एका कागदावर ऑब्जेक्टचे पॉइंटर कोठे कोठे राहणार आहेत त्याची यादी करावी: तयार करणारे फंक्शन, एखादी यादी किंवा हॅश टेबल, फाइलचा खासगी पॉइंटर, टायमर, वर्कक्यूतील काम, इंटरप्ट हँडलर. प्रत्येक पॉइंटरपुढे तो गणलेला आहे की नाही हे लिहावे. न गणलेला पॉइंटर ठेवण्यास हरकत नाही, पण तो कोणत्या लॉकमुळे किंवा कोणत्या क्रमामुळे सुरक्षित आहे हेही त्याच्या शेजारी लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर रचना अजून ठरलेली नाही असे समजावे.

गणकाची सुरुवात रेफकाउंट_सेट ने १ वर करावी. हा १ ऑब्जेक्ट तयार करणाऱ्याचा संदर्भ असतो. शून्यावर सुरुवात करून नंतर रेफकाउंट_इंक करण्याची जुनी सवय येथे चालत नाही, कारण शून्यावरून वाढवणे म्हणजे मेलेल्या ऑब्जेक्टला पुन्हा उठवणे असे रेफकाउंट_टी मानतो, इशारा देतो आणि गणक संपृक्त करतो. शिवाय ही सुरुवात ऑब्जेक्ट यादीत घालण्यापूर्वी व्हायला हवी. आधी यादीत घातले आणि मग गणक मांडला, तर मधल्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरने घेतलेला संदर्भ पुसला जातो.

दोन ऑब्जेक्ट्स एकमेकांचे संदर्भ धरून बसली तर दोघांचेही गणक कधी शून्यावर येत नाहीत. अशा जोडीत दिशा ठरवून घ्यावी: सहसा अपत्याने पालकाचा संदर्भ धरावा, आणि पालकाकडील अपत्याचा पॉइंटर न गणलेला, लॉकने राखलेला असावा.

पायरी ४: घेणे-सोडणे दोन लहान फंक्शनांत बंद करा

आपल्या ऑब्जेक्टसाठी गेट आणि पुट अशी दोनच फंक्शने असावीत, आणि गणकाला थेट हात इतर कोणी लावू नये. गेट मध्ये रेफकाउंट_इंक येते. पुट मध्ये, गणक एकाने कमी करून तो शून्यावर आला का हे सांगणारे, रेफकाउंट_डेक_अँड_टेस्ट येते आणि त्याने खरे उत्तर दिले तरच नष्ट करणारे फंक्शन बोलावले जाते. हेच बांधीव स्वरूपात हवे असेल तर केरेफ वापरावे. केरेफ हे रेफकाउंट_टी भोवतीचे पातळ आवरण आहे. केरेफ_इनिट गणक १ वर मांडते आणि केरेफ_पुट ला नष्ट करणाऱ्या फंक्शनचा पत्ता द्यावाच लागतो, त्यामुळे शेवटचा संदर्भ सुटल्यावर काय व्हायचे हा प्रश्न अनुत्तरित राहत नाही. नवख्याने केरेफ पासूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन.

गेट बोलावणाऱ्याकडे आधीच एक वैध संदर्भ असला पाहिजे. हातात संदर्भ असताना दुसऱ्यासाठी आणखी एक घेणे, एवढाच साध्या वाढीचा अर्थ आहे. दुसऱ्या थ्रेडला किंवा वर्कक्यूला ऑब्जेक्ट द्यायचे असेल तर संदर्भ देण्यापूर्वी घ्यावा. त्या थ्रेडने सुरू झाल्यावर स्वतः घ्यावा अशी रचना केली, तर तो सुरू होईपर्यंत ऑब्जेक्ट राहीलच याची हमी नसते. आणि काम रांगेत घालण्याचा प्रयत्न फसला, किंवा ते काम आधीच रांगेत होते असे उत्तर आले, तर नुकताच घेतलेला संदर्भ परत सोडावा लागतो. क्यू_वर्क चे उत्तर न पाहणारा कोड या जागी हमखास गळतो.

पुट नंतर ऑब्जेक्टला स्पर्श करू नये, वाचण्यासाठीसुद्धा नाही. लॉगमध्ये ऑब्जेक्टचे नाव छापणारी ओळ पुट च्या खाली गेली की तो मोकळ्या मेमरीचा वापर ठरतो. याच चुकीचे कमी ओळखले जाणारे रूप म्हणजे ऑब्जेक्टच्या पोटातील म्यूटेक्स धरून पुट करणे आणि मग तो म्यूटेक्स सोडणे: पुट ने ऑब्जेक्टच नष्ट केले असेल तर सोडायला म्यूटेक्स उरत नाही.

नष्ट करणारे फंक्शन कोणत्या परिस्थितीत चालेल याचाही विचार आधीच करावा. शेवटचा पुट इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरलेला असताना होऊ शकत असेल, तर त्या फंक्शनात झोपी जाणारी कोणतीही क्रिया चालणार नाही, आणि सफाईचा तो भाग वर्कक्यूकडे ढकलावा लागेल.

पायरी ५: शोधून संदर्भ घेण्याची वाट

माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत अवघड जागा ही आहे, म्हणून येथे घाई करू नये. टेबलात शोधून ऑब्जेक्ट मिळवताना हातात आधीचा संदर्भ नसतो, आणि म्हणून मागच्या पायरीतली गेट ची अट मोडते. पॉइंटर सापडणे आणि गणक वाढवणे या दोन क्रियांच्या मध्ये दुसरा प्रोसेसर शेवटचा संदर्भ सोडून ऑब्जेक्ट नष्ट करू शकतो. ही फट बुजवण्याच्या तीन रीती रूढ आहेत.

पहिल्या रीतीत टेबलाचा स्वतःचा संदर्भ गणलेला असतो. ऑब्जेक्ट टेबलात आहे तोवर गणक किमान १ असणारच, त्यामुळे टेबलाचे लॉक धरून शोधले आणि ते लॉक सोडण्यापूर्वी साधे रेफकाउंट_इंक केले तरी चालते. काढताना लॉक धरून ऑब्जेक्ट टेबलातून वेगळे करायचे, लॉक सोडायचे आणि मग टेबलाचा संदर्भ पुट करायचा. समजायला ही रीत सर्वांत सोपी आहे, आणि दुसरी काही गरज सिद्ध होईपर्यंत हीच निवडावी.

दुसऱ्या रीतीत टेबलाचा पॉइंटर गणलेला नसतो. शेवटचा वापरकर्ता गेला की ऑब्जेक्टने टेबलातून आपोआप बाहेर पडावे अशी अपेक्षा असते. येथे गणक शून्यावर येणे आणि टेबलातून निघणे यांच्यामध्ये कोणी शिरता कामा नये. त्यासाठी रेफकाउंट_डेक_अँड_लॉक आहे: गणक शून्यावर जाणार नसेल तर ते लॉकशिवाय घट करते, आणि शून्यावर गेला तर लॉक धरलेल्या अवस्थेत परत येते, म्हणजे निवांतपणे टेबलातून काढून नष्ट करता येते. म्यूटेक्ससाठी याचे वेगळे रूप उपलब्ध आहे.

तिसरी रीत आरसीयूची, म्हणजे वाचकांना लॉकशिवाय वाचू देणाऱ्या रीड-कॉपी-अपडेट या सोयीची. वाचणारा लॉक घेत नाही, त्यामुळे त्याला शून्य गणकाचे, मरणपंथाला लागलेले ऑब्जेक्ट सापडू शकते. म्हणून तेथे रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो वापरायचे आणि त्याचे उत्तर तपासायचेच: खोटे आले तर ऑब्जेक्ट सापडलेच नाही असे समजून पुढे जायचे. क्रम असा असतो: आरसीयू वाचन-विभाग सुरू करणे, शोधणे, शून्य नसल्यास वाढवणे, आणि मग विभाग बंद करणे. विभाग बंद करून मग वाढवणे चूक आहे. शून्य तपासण्यासाठी गणकाची मेमरी तरी शाबूत हवी, म्हणून नष्ट करताना मेमरी लगेच मोकळी न करता केफ्री_आरसीयू ने, चालू वाचक बाहेर पडल्यानंतर, मोकळी करावी लागते.

या रीतीला एक पोटप्रकार आहे, आणि तो नवख्यांना फसवतो. स्लॅब_टाइपसेफ_बाय_आरसीयू हा ध्वज लावलेल्या कॅशमधील (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी राखलेल्या मेमरी-साठ्यातील) मेमरी वाचन-विभाग चालू असतानाच त्याच प्रकारच्या दुसऱ्या ऑब्जेक्टसाठी पुन्हा वापरली जाऊ शकते. तेव्हा संदर्भ यशस्वीपणे मिळतो, पण तो भलत्याच ऑब्जेक्टचा असू शकतो. अशा ठिकाणी संदर्भ घेतल्यावर, ज्या कीने (ओळखखुणेने) शोध घेतला ती पुन्हा जुळवून पाहावी, आणि जुळली नाही तर घेतलेला संदर्भ सोडून शोध नव्याने सुरू करावा.

रेफकाउंट_रीड ने किंमत वाचून निर्णय घेण्याचा मोह टाळावा. वाचलेली किंमत हाती येईपर्यंत शिळी झालेली असू शकते. किंमत १ आहे, तो एक संदर्भ आपलाच आहे, आणि ऑब्जेक्ट नव्याने शोधून मिळवण्याची कोणतीही वाट उरलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असतील तरच त्या वाचनाला अर्थ असतो. नेटवर्किंगमध्ये एसकेबफ, म्हणजे एका पॅकेटची रचना, इतरांबरोबर वाटून घेतलेला आहे का हे अशाच रीतीने पाहिले जाते.

पायरी ६: दुसऱ्याच्या फंक्शनांनी न सांगता घेतलेले संदर्भ ओळखा

ड्रायव्हरमधील गळतींचा मोठा वाटा स्वतःच्या गणकांचा नसून उपप्रणालींच्या गणकांचा असतो. नावात फाइंड असलेली अनेक फंक्शने पॉइंटर देताना संदर्भही घेतात. बस_फाइंड_डिव्हाइस आणि डिव्हाइस_फाइंड_चाइल्ड यांच्यानंतर पुट_डिव्हाइस करावेच लागते. डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या नोडांच्या वृक्षाचा, कोड याहून फसवा आहे. फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड हे आवर्तन प्रत्येक फेरीत पुढच्या नोडचा संदर्भ घेते आणि मागच्याचा सोडते. फेरी पूर्ण झाली तर हिशोब जुळतो, पण मध्येच ब्रेक किंवा रिटर्न केले तर त्या क्षणी हाती असलेल्या नोडसाठी ऑफ_नोड_पुट स्वतः लिहावे लागते. उलट, ऑफ_फाइंड_कम्पॅटिबल_नोड सारखी फंक्शने शोध कोठून सुरू करायचा म्हणून दिलेल्या नोडचा संदर्भ स्वतःच सोडून टाकतात, त्यामुळे तो नोड पुढे हवा असेल तर आधीच एक जादा संदर्भ घ्यावा लागतो. फंक्शनावरील टिप्पणी वाचल्याशिवाय यातले काहीही कळण्याजोगे नाही.

त्रुटीच्या वाटेवरचा आणखी एक प्रसिद्ध सापळा: डिव्हाइस_रजिस्टर फसले तर ऑब्जेक्ट थेट केफ्री करू नये. गणक तोवर मांडला गेलेला असतो, म्हणून पुट_डिव्हाइस करून नष्ट करणाऱ्या फंक्शनालाच सफाई करू द्यावी. केऑब्जेक्ट_इनिट_अँड_ॲड बाबतही हेच.

२०२३ मधील ६.५ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये व्याप्ती संपताच आपोआप सफाई करणारी साधने आली आहेत. व्हेरिएबल घोषित करताना त्याला फ्री हे गुणचिन्ह लावले, की फंक्शनातून कोणत्याही वाटेने बाहेर पडताना संदर्भ सोडला जातो. डिव्हाइस ट्रीच्या आवर्तनालाही शेवटी स्कोप्ड जोडलेले रूप मिळाले आहे. नव्या कोडमध्ये ती अवश्य वापरावीत. मात्र एकाच फंक्शनात अर्धी सफाई गोटूने आणि अर्धी आपोआप अशी सरमिसळ करू नये. ती वाचणाऱ्याला भोवते आणि पॅच तपासणारे ती नाकारतात.

पायरी ७: जुना गणक बदलायचा असेल तर

जुन्या कोडमधील ॲटॉमिक_टी शोधून त्या जागी रेफकाउंट_टी घालणे हे शोधा-आणि-बदला पद्धतीचे काम नाही. संशयित जागा दाखवण्यासाठी कर्नलच्या सोर्समध्येच कॉक्सिनेल या कोड तपासणाऱ्या साधनाची एक स्क्रिप्ट आहे, पण तिने दाखवलेली प्रत्येक जागा संदर्भगणक असेलच असे नाही. आकडेवारीचे गणक, क्रमांक वाटणारे गणक आणि शून्यावर येऊनही ऑब्जेक्ट जिवंत ठेवणारे गणक यांना हा प्रकार लावू नये. शेवटच्या गटात शून्यावरून पुन्हा १ होणे रास्त असते, आणि रेफकाउंट_टी त्यालाच गुन्हा समजतो.

मेमरी क्रमाचा, म्हणजे एका प्रोसेसरने केलेली वाचने-लेखने दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसतात याचा, मुद्दाही तपासावा लागतो. ॲटॉमिक_डेक_अँड_टेस्ट आणि ॲटॉमिक_इंक_नॉट_झीरो पूर्ण क्रमाची हमी देतात. रेफकाउंट_डेक_अँड_टेस्ट फक्त रिलीज क्रम (आधीची कामे घटीपूर्वी पूर्ण दिसणे) देते आणि शून्यावर आल्यास त्यात अक्वायर क्रमाची (नंतरची कामे घटीनंतरच होणे) भर घालते; रेफकाउंट_इंक कोणताही क्रम देत नाही. संदर्भगणनेसाठी एवढे पुरते, कारण आपण ऑब्जेक्टमध्ये केलेले बदल ते नष्ट करणाऱ्याला दिसावेत एवढीच गरज असते. परंतु जुना कोड नकळत त्या पूर्ण हमीवर विसंबून इतर काही साधत असेल, तर बदल केल्यावर तो दुबळ्या क्रमाच्या प्रोसेसरवर क्वचित आणि अनाकलनीय रीतीने मोडेल. कर्नलच्या दस्तऐवजांत या तुलनेचे स्वतंत्र पान आहे. पॅच पाठवण्यापूर्वी ते वाचावे.

फार तापलेल्या मार्गांवर या प्रकाराचा खर्चही मोजावा लागतो. त्यासाठी वेगळी साधने आहेत: प्रत्येक प्रोसेसरचा स्वतंत्र गणक ठेवणारे परसीपीयू_रेफ, आणि थॉमस ग्लाइक्सनर यांचे आरसीयूरेफ, ज्याचा उपयोग नेटवर्किंगमधील मार्गनोंदींसाठी होतो. पहिल्याच पॅचमध्ये त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण पडू नये.

पायरी ८: इशारे वाचायला शिका

रेफकाउंट_टी कडून येणारे इशारे मोजकेच आहेत. शून्यात भर घातली असा इशारा आला, तर कोणी तरी मेलेल्या ऑब्जेक्टचा संदर्भ घेत आहे. बहुधा शोधण्याच्या वाटेवर इंक_नॉट_झीरो हवे होते किंवा सुरुवात शून्यावर केली आहे. अंडरफ्लोचा इशारा संदर्भ एकदा जास्त सोडल्याचे सांगतो. संपृक्त झाल्याचा इशारा गळती दाखवतो. नुसत्या रेफकाउंट_डेक ने गणक शून्यावर आला तर चौथा इशारा येतो, कारण त्या फंक्शनाला उत्तर नसते आणि ऑब्जेक्ट नष्ट करायला कोणी उरत नाही.

पहिल्या पायरीतील दुसऱ्या प्रकारच्या चुकीला या साधनाचे उत्तर मर्यादित आहे, ते असे. समजा खरे वापरकर्ते दोन आहेत आणि त्यांपैकी एकाने संदर्भ दोनदा सोडला. गणक २ वरून १ आणि १ वरून ० असा अगदी शिस्तीत उतरतो, ऑब्जेक्ट नष्ट होते, आणि आतापर्यंत इशारा देण्याजोगे काहीच घडलेले नसते. दुसरा वापरकर्ता नंतर पुट करतो तेव्हाच अंडरफ्लो दिसतो, तोही त्या मेमरीत तोवर दुसरे काही भरले गेले नसेल तर. इशाऱ्यासोबत छापलेला स्टॅक निरपराध असलेल्या त्या दुसऱ्या वापरकर्त्याचा असतो. म्हणून स्टॅकमध्ये दिसलेल्या फंक्शनावर लगेच पॅच लिहू नये. कागदावरची यादी काढून प्रत्येक गेट समोर त्याचा पुट जुळवत जावे. शिवाय हे इशारे बूट झाल्यापासून प्रत्येकी एकदाच छापले जातात. दुसरी चाचणी शांतपणे पार पडली म्हणजे दोष गेला असे नव्हे. डीबगएफएस या तपासणीसाठीच्या फाइलप्रणालीतील क्लिअर_वॉर्न_वन्स मध्ये १ लिहून किंवा यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे.

चाचणीच्या कर्नलमध्ये कासान हे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन चालू ठेवावे. ते मोकळी झालेली मेमरी काही काळ बाजूला ठेवते, त्यामुळे वर सांगितलेली वेळेआधीची मुक्ती पहिल्याच चुकीच्या स्पर्शाला पकडली जाते, आणि अहवालात मेमरी कोणी घेतली व कोणी मोकळी केली हे दोन्ही स्टॅक मिळतात. गळतीसाठी केमेमलीक हे कोणाचाच पॉइंटर न उरलेली मेमरी शोधणारे साधन आहे, पण ऑब्जेक्ट अजून एखाद्या यादीत अडकलेले असेल तर त्याला ती गळती दिसत नाही. केऑब्जेक्टवर (ड्रायव्हर-रचनेच्या मुळाशी असलेल्या गणकयुक्त ऑब्जेक्टवर) आधारित कोडसाठी डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज हा पर्याय उपयोगी आहे. तो नष्ट करणारे फंक्शन काही सेकंद लांबवतो, आणि पुट केल्याबरोबर ऑब्जेक्ट गेलेच असे धरून चाललेला ड्रायव्हर लगेच उघडा पडतो. स्वतः दोष घडवून इशारे कसे दिसतात ते पाहायचे असेल, तर मुद्दाम दोष घडवणाऱ्या एलकेडीटीएम या चाचणी-मॉड्यूलमध्ये गणक मर्यादेपलीकडे नेण्याच्या आणि शून्याखाली नेण्याच्या तयार चाचण्या आहेत. त्या फक्त टाकाऊ आभासी यंत्रात चालवाव्यात.

गळती कोणाची हेच सापडत नसेल तर रेफ_ट्रॅकर वापरता येतो. एरिक दुमाझे यांनी लिहिलेली ही सोय ५.१७ मध्ये आली. नेटवर्क उपकरण काढताना ते मोकळे होण्याची वाट पाहत आहोत असा संदेश लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येत राहतो आणि संदर्भ कोणी धरला आहे हे कळत नाही, ही जुनी डोकेदुखी त्यामागे होती. नेटडेव्ह_होल्ड ने संदर्भ घेताना सोबत एक लहान नोंद दिली जाते, तीत घेणाऱ्याचा स्टॅक साठतो, आणि नेटडेव्ह_पुट ला तीच नोंद परत द्यावी लागते. न सोडलेले संदर्भ मग त्यांच्या मालकांच्या स्टॅकसह छापता येतात.

पायरी ९: पॅच पाठवताना

एका पॅचमध्ये एकच गणक बदलावा. वर्णनात ऑब्जेक्टचे आयुष्य थोडक्यात मांडावे: सुरुवातीचा संदर्भ कोणाचा, शोधण्याची वाट कोणत्या लॉकखाली किंवा आरसीयूखाली आहे, आणि शेवटचा पुट कोठे होऊ शकतो. दोष दुरुस्त करत असाल तर तो ज्या बदलाने आत आला त्याचा उल्लेख फिक्सेस या ओळीत द्यावा, म्हणजे स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना तो कोठवर मागे न्यायचा हे कळते. राहून गेलेला पुट जोडणाऱ्या पॅचमध्ये, तो आता कोणत्याही वाटेवर दोनदा होत नाही हे कसे तपासले, तेही लिहावे. घाईत जोडलेल्या पुट ने गळतीचे रूपांतर मोकळ्या मेमरीच्या वापरात केल्याची उदाहरणे कर्नलच्या इतिहासात आहेत, आणि तपासणारे पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतात.